एक कोंबडा दंड

चिलेशे मुबांगा मला गेली तीस-पस्तीस वर्षं उंदीरखाऊ म्हणतो आणि मी त्याला माकडखाऊ म्हणते. त्यात कधी कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते मी त्याच्यावर तक्रार ठोकली तेव्हा.

मी न्गोनी जमातीची, तो बेंबा जमातीचा. आमच्या खापरपणज्यांनी एकमेकांची डोकी फोडून बघितली, दोघंही दमले, आणि मग ठरलं की यापुढे भाला नको, जिभेनंच काय ते भागवू. तेव्हापासून बेंबा न्गोनीचा असुवानी आणि न्गोनी बेंबाचा. असुवानीनं वाट्टेल ते बोलावं, आपल्या ताटातलं उचलून खावं, मयताला येऊन मेलेल्या माणसाची नक्कल करावी, शवपेटीला आडवं पडून पैसे मागावेत. आपण चिडायचं नाही. चिडल्याचं सोंग करायचं, वडीलधाऱ्यांपुढे फिर्याद न्यायची आणि दंड मागायचा. त्यानं कुरकुरत कोंबडा आणला की सगळ्यांनी मिळून तो खायचा. माफी मात्र कुणी मागायची नाही. असुवानीनं माफी मागितली की नातं संपलं, मग तो नुसता शेजारी.

आम्ही दोघं चिपाटातल्या एकाच शाळेतून निवृत्त झालो. तो विज्ञानाचा मास्तर, मी इतिहासाची बाई. घरी बसून मला गंज चढायला लागला होता, तेवढ्यात हा एक दिवस फोन नाचवत आला.

"ही साइट बघ. फुकट आहे. कुणीही धडे टाकावेत, कुठल्याही पोरानं शिकावं. मी भिंगाचा धडा टाकला तर मोंगूच्या पोरीनं प्रश्न विचारलाय. मोंगूच्या, देशाच्या पार त्या टोकाच्या!"

"तुझं ऐकणारं माणूस शोधायला त्या टोकापर्यंत जावं लागतं, इथे कुणी उभं करत नाही," मी म्हटलं. पण आठवड्याभरात मीही धडे टाकायला लागले.

साइटचं नाव सांगत नाही. माणसं चांगली आहेत, उगाच त्यांच्या नावानं शंख नको.

आमचा सगळ्यात गाजलेला धडा म्हणजे 'सूर्य मेला तो दिवस'. आमचे न्गोनी लोक दक्षिणेकडून आले आणि त्यांनी झाम्बेझी नदी ओलांडली, तेव्हा भर दिवसा अंधार झाला होता, असं पिढ्यान् पिढ्या सांगतात. हे सांगणारी चिपाटातली शेवटची पक्की म्हातारी म्हणजे माझी आत्या. सगळा गाव तिला गोगो, म्हणजे आजी, म्हणायचा. मी तिचा आवाज फोनवर घेतला. राजानं काठी मारली, नदी दुभंगली, सूर्य मेला, बायका रडल्या, मग सूर्य जिवंत झाला, आणि पलीकडच्या काठावर आपण झालो, असं ती सांगायची. 'आपण झालो' म्हणताना काठी जमिनीवर आपटायची, तोही आवाज त्यात आहे.

पुढचा अर्धा धडा मुबांगाचा. इंटरनेटवर आकाश मागे फिरवायचं एक यंत्र मिळतं, साल घातलं की त्या दिवशीचे चंद्र-सूर्य दिसतात. त्यानं अठराशे पस्तीस सालचा नोव्हेंबर घातला, झाम्बेझीची जागा घातली, आणि फोनवर सूर्य काळा ठिक्कर पडला.  आम्ही धावत जाऊन गोगोला दाखवलं. तिनं डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "मग? मी इतकी वर्षं काय खोटं सांगत होते? तुझ्या ह्या डबड्याला माझ्या आजीनंच सांगितलं असणार."

ऑगस्टमध्ये गोगो गेली. मुबांगा तेव्हा तिकडे कासामाला, त्याच्या गावी, मोतीबिंदू काढायला गेला होता. डोळ्याला पट्टी, डॉक्टर सोडेनात. मयत झालं, माणूस लोटलं, पण असुवानी म्हणावा असा कुणी नाही. पोस्टातला एक पोरगेला बेंबा आला, "म्हातारीनं उंदीर संपवले म्हणून गेली का?" एवढं एकच वाक्य कसंबसं बोलला, स्वतःच लाजला आणि जेवायला बसला. मी तीन चुलींवर न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट लगदा, ढवळत होते. सगळं रीतसर झालं आणि सगळं कोरडं झालं.

सप्टेंबरात एक दिवस साइट उघडते तो गोगोच्या धड्याखाली मुबांगाचा लांबलचक शेरा.

"मी विज्ञानाचा माणूस, खरं तेच सांगतो. नदी वगैरे काही दुभंगली नाही. नोव्हेंबर महिना, पावसाचा पत्ता नाही, पाणी घोट्याएवढं. काठी मारली ती चिखल किती आहे ते बघायला. सूर्यानं खाली बघितलं, म्हणाला, हे उंदीरखाऊ निघाले उत्तरेकडे, आता तिकडच्या उंदरांचं काही खरं नाही, आणि त्यानं लाजेनं तोंडावर पांघरूण घेतलं. आणि ही म्हातारी! हिला देवानं कधीच बोलावलं होतं, पण ही बोलायची थांबेना म्हणून त्याचा आवाज हिच्यापर्यंत पोचला नाही. गोगो, वर जाशील तेव्हा त्या सूर्याची माफी माग. आणि तिथे तरी दुसऱ्याला बोलू दे."

मी बसल्या जागी इतकी हसले की खुर्ची करकरली. बरं वाटलं हो. खूप बरं वाटलं. मग रीतीप्रमाणे मला चिडणं भाग होतं. शेऱ्याखाली एक बारकं लाल निशाण होतं आणि त्यावर लिहिलं होतं, तक्रार करा. व्वा, म्हटलं, या लोकांनी पंचांचीसुद्धा सोय केली आहे!

दाबलं. त्यानं विचारलं, तक्रार कशाबद्दल? खाली यादी. 'वंशावरून अपमान' असं एक कलम होतं. अगदी बरोबर, वंशावरूनच तर केला होता! त्यावर खूण केली. तपशिलात लिहिलं, "या माकडखाऊनं माझ्या पूर्वजांची आणि माझ्या मृत आत्याची बेअब्रू केली आहे. याला चाबकाचे फटके द्यावेत आणि एक कोंबडा दंड करावा. कोंबडा मोठा असावा." पाठवून दिलं आणि स्वतःवर खूश होऊन चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. लुंडाझीची तामांदानी, बारावीची पोर, माझी लाडकी विद्यार्थिनी. आम्ही कधी भेटलो नाही, पण लाडकी.

"बाई, मास्तर गेले!"

 "कुठे गेले?"

"पुसून गेले! भिंगं नाहीत, वीज नाही, आम्लं नाहीत, मास्तरांचा एक धडा शिल्लक नाही! बाई, परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. आमच्या शाळेत विज्ञानाला मास्तरच नाही, आमचे मास्तर तेच."

साइट उघडली तर मला कळवलं होतं, "आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेण्यात आली आहे. आपण आता सुरक्षित आहात." सुरक्षित! मी करायला गेले काय आणि होऊन बसलं काय.

तशीच सायकलवाल्याच्या मागे बसून मुबांगाच्या घरी गेले. डोळा बरा होऊन परतलेला तो काळा चष्मा लावून ओट्यावर शेंगदाणे सोलत बसला होता.

"आलीस? काय केलंस हे? उंदीर पोटात वळवळत होता का?"

"मुकाट्यानं कोंबडा दिला असतास तर ही वेळ आली नसती."

"मागितलास कुठे? कोंबडा हवा तर दारात येऊन बोंब मारायची, ही रीत. तू त्या यंत्राकडे गेलीस! यंत्र कधी कोंबडा खातं का गं?"

आम्ही दोघं हसून हसून लोळलो. मग मी तिथेच बसून साइटला लिहिलं, की बाबांनो, ही थट्टा होती, हा माझा असुवानी आहे, याचे धडे परत टाका. पलीकडून उत्तर आलं ते मारिट नावाच्या मुलीचं. ती कुठल्यातरी थंड देशात बसते. बोलायला फार गोड.

"प्रिय श्रीमती जेरे, आपण हे स्वतःच्या इच्छेनं लिहीत आहात ना? ती व्यक्ती आत्ता आपल्याजवळ आहे का?"

मी खरं तेच लिहिलं, "हो, शेजारीच आहे. मीच त्याचे शेंगदाणे खाते आहे."

झालं! पोरगी घाबरली. तिचं पुढचं उत्तर मी मोठ्यानं वाचायला लागले, खिदळतच. "दुखावलेली व्यक्ती पुष्कळदा हसून वेळ मारून नेते. आपल्या घरात अलीकडेच मृत्यू झाला आहे, हे आम्ही आपल्या तक्रारीत वाचलं. अशा वेळी झालेला अपमान किती लागतो, हे आम्ही समजू शकतो. त्या व्यक्तीनं लेखी माफी मागितली आणि यापुढे आदरानं बोलण्याचं वचन दिलं, तरच धडे परत येतील."

मी मान वर केली तर मुबांगा हसत नव्हता. चष्मा काढून सदऱ्याला पुसत होता.

"तू रडली नाहीस म्हणे, मयताला," तो म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"सगळं चिपाटा म्हणतं."

"एवढ्या माणसांची न्शिमा कोण ढवळत होतं? रडायला सवड कुणाला होती?"

तो उठून आत गेला, पाणी प्यायला, बाहेर आला. मी म्हटलं, "खबरदार माफी मागितलीस तर! आपण दुसरा मार्ग काढू. मी त्या पोरीला पुन्हा लिहिते."

मी लिहिलं. चार वेळा लिहिलं. जितकं समजावून सांगावं तितकी ती पोरगी मला अधिक धीर द्यायची. शेवटी तिनं मला एक मदतीचा फोन नंबरसुद्धा पाठवला. इकडे तामांदानीचा रोज फोन. तिच्या मागे मोंगूची पोरं, कासामाची पोरं. "बाई, भिंगाची आकृती तरी पाठवा." मी इतिहासाची बाई, मी भिंग काढलं तर ते अंड्यासारखं दिसतं.

आणि मग एक दिवस सकाळी सगळे धडे जागच्या जागी! भिंगं आली, वीज आली, आम्लं आली. मी नाचणार, तेवढ्यात वरची ओळ वाचली. "श्रीमती तिसियेंजी जेरे यांना माझ्या लिखाणानं जे दुःख झालं, त्याबद्दल मी त्यांची मनापासून माफी मागतो. यापुढे मी त्यांच्याशी आदरानं वागेन. चिलेशे मुबांगा."

आता म्हणाल, त्यात काय, पोरांसाठी लिहून टाकलं असेल चार शब्द. मलाही तसंच वाटलं. म्हटलं, चला, आता जाऊन चांगली खरडपट्टी काढू. गेले. तर हा मला बघून खुर्चीवरून उठून उभा राहिला. मुबांगा! माझ्यासाठी! उभा!

"या बाई. बसा. पाणी घेणार का आपण?"

"मेल्या, काय झालंय तुला?"

"माझी प्रकृती उत्तम आहे. आपली कशी आहे?"

मला वाटलं, सोंग करतोय. मी त्याच्या बेंबा पूर्वजांना शिव्या घातल्या, त्याच्या नव्या चष्म्याला नावं ठेवली, त्याच्या सुरवंटाच्या भाजीबद्दल जे सुचलं ते बोलले. हा शांतपणे ऐकतोय आणि मान डोलावतोय. "आपलं निरीक्षण योग्य आहे," म्हणाला. मी घरी आले आणि भांडी अशी आपटली की शेजारीण डोकावली.

पुढचे दोन-तीन आठवडे तोच प्रकार. बाजारात दिसला. मी मुद्दाम भाजलेल्या उंदरांची काडी विकत घेतली. खरं सांगू का, मला ते आवडतसुद्धा नाहीत. पण घेतली आणि त्याच्या नाकासमोर नाचवली. पूर्वीचा मुबांगा असता तर सगळा बाजार गोळा केला असता. हा म्हणाला, "भूक चांगली लागते आहे, हे आरोग्याचं लक्षण आहे," आणि टोपी उचलून निघून गेला. उंदीर विकणारी बाई मला म्हणाली, "तुमच्या असुवानीला काय झालं हो? आजारी आहे का?" 

मी रागानं लाल झाले होते, पण रागाखाली भीती होती. धडे परत आले, पण धडे टाकणारा माणूस माझ्या हातून निसटला होता. गोगो गेली, आता हाही जाणार, आणि हा तर समोर उभा राहून, टोपी उचलून जाणार. उद्या मी मेले तर माझ्या पेटीला आडवं कोण पडणार? पोस्टातला तो पोरगा?

एवढ्यात मारिटचा निरोप आला. परीक्षेआधी आम्ही दोघांनी मिळून 'सूर्य मेला तो दिवस' हा धडा थेट घ्यावा, म्हणजे मुलं प्रश्न विचारतील. "मी स्वतः हजर राहीन," तिनं लिहिलं, "आपल्याला आधार म्हणून."

ठरल्या दिवशी मी माझ्या घरी फोनसमोर, तो त्याच्या घरी. ऑक्टोबरची उकड, वीज गेलेली, फोन आधीच चार्ज करून ठेवलेला. पडद्यावर छोट्या छोट्या चौकोनांत पोरं दिसत होती. एका चौकोनात मारिट, गळ्यापर्यंत लोकर. एका चौकोनात मुबांगा. टाय लावून! तीस वर्षं शाळेत टाय लावला नाही या माणसानं.

"आदरणीय जेरेबाई आता आपल्याला इतिहास सांगतील," तो म्हणाला. "त्यांचा अभ्यास थोर आहे."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना आमचे जुने धडे पाठ होते, त्यात आम्ही एकमेकांना वाक्य पुरं करू देत नाही. मी गोगोचा आवाज ऐकवला. मुबांगा म्हणाला, "अतिशय सुंदर." मी राजाचं सांगितलं. "अतिशय उद्बोधक." पोरांचे चौकोन एकेक करून काळे व्हायला लागले. कासामाच्या एका पोराला जांभई आली ती मला इथे चिपाटात दिसली. मारिट मात्र समाधानानं हसत होती.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, बघते तू किती आदर धरतोस ते.

"तर मुलांनो," मी म्हटलं, "लक्षात ठेवा, परीक्षेत येईल. तो दिवस होता पौर्णिमेचा."

मुबांगाच्या चौकोनात काहीतरी हललं.

"जेरेबाई," तो खाकरला, "आपल्या परवानगीनं, एक किरकोळ दुरुस्ती..."

"दुरुस्ती नंतर. पौर्णिमा होती. चांगला गोल, गरगरीत चंद्र. आणि त्या पौर्णिमेच्या चंद्रानं सूर्याला झाकलं."

"बाई, मला वाटतं, आपला कदाचित..." त्याचा हात टायकडे गेला.

"लिहून घ्या मुलांनो. सूर्यग्रहण, कंसात पौर्णिमा. कारण पौर्णिमेला चंद्र मोठा असतो, त्याला झाकायला सोपं जातं. अमावास्येचा चंद्र बारका, त्याला काय जमणार?"

तामांदानीनं तोंडावर हात घेतला. मुबांगानं टाय ओढला, ओढला, आणि सोडूनच टाकला.

"पौर्णिमेला? अगं ए उंदीरखाऊ! पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बाजूला असतो की पृथ्वीच्या पाठीमागे, एवढं तरी कळतं का तुला? पौर्णिमेला सूर्य मावळतो तेव्हा चंद्र उगवतो, तो दुपारी सूर्यावर चढायला काय शिडी लावून गेला? पोरांनो, खोडा! वही फाडा! अमावास्या! सूर्यग्रहण अमावास्येलाच, दुसऱ्या कुठल्याही दिवशी नाही! या बाईच्या पूर्वजांनी अंधारात नदी ओलांडली म्हणून हिच्या डोक्यात अजून उजेड पडला नाही!"

"माझे पूर्वज नदी ओलांडत होते तेव्हा तुझे झाडावर होते!"

"हो, होते! आणि वरून बघून सांगत होते, अरे तिकडे पाणी घोट्याएवढं आहे, काठी कशाला मारताय!"

काळे झालेले चौकोन पटापट उजळले. कासामाचं ते जांभईवालं पोरगं उभं राहून ओरडलं, "मास्तर, सांगा त्यांना!" इकडे लुंडाझीची पोरगी, "बाई, सोडू नका!" मग पोरंच एकमेकांवर तुटून पडली. उंदीर, माकडं, सुरवंट, काही विचारू नका. आणि त्या गोंधळात कुणीतरी विचारलं, मग दर अमावास्येला ग्रहण का होत नाही? मुबांगानं एका हातात संत्रं, एका हातात लिंबू धरून चंद्राची वाट कशी तिरकी असते ते दाखवलं, आणि मधेमधे मला शिव्या दिल्या. इतका चांगला धडा आम्ही शाळेत कधी घेतला नव्हता.

शेवटी मारिटचा आवाज आला, अगदी बारीक. "श्रीमती जेरे? आपण ठीक आहात ना? मी हे थांबवू का?"

मी काही बोलायच्या आत कासामाचं पोरगं म्हणालं, "मॅडम, घाबरू नका. हे असंच असतं. ज्या दिवशी हे दोघं एकमेकांना नमस्कार-चमत्कार करतील ना, त्या दिवशी पोलीस बोलवा."

मारिट मग हळूच म्हणाली, "म्हणजे मघाशी, सुरुवातीला..."

"हो. मघाशी भांडण चालू होतं," तामांदानी म्हणाली.

त्या पोरीच्या चेहऱ्यावर जे काही झालं ते बघून मला तिची दया आली. बिचारी एवढ्या लांबून माझ्या काळजीनं गळ्यापर्यंत लोकर घालून बसली होती. मी म्हटलं, "पोरी, तुझं काही चुकलं नाही. पण आता एक काम कर. माझी तक्रार पुन्हा नोंदव. आरोपी तोच, दंड तोच, एक कोंबडा. फक्त वसुली तू करू नकोस, ती मी करते."

"कोंबडा मोठा असावा, असं लिहिलं होतं आपण," मारिट म्हणाली. आणि हसली. पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुबांगा दारात. काखेत कोंबडा.

"हा मोठा?" मी म्हटलं. "याला आणताना वाटेत अर्धा खाल्लास का?"

"तुझ्या तोंडाला उंदराचं माप, त्याला हा हत्तीच वाटायला हवा."

त्यानं कोंबडा आंब्याच्या झाडाला बांधला आणि ओट्यावर टेकला. मी पाणी आणलं. मग जे विचारायचं होतं ते विचारलंच. "पोरांसाठी माफी लिहिलीस, कळलं. पण माझ्याशी घरी, बाजारात तसा का वागलास? तिथे कुठे ती मारिट बघत होती?"

त्यानं पेला ओट्यावर ठेवला.

"गोगो गेली तेव्हा मी इथे नव्हतो," तो म्हणाला. "डोळ्याला पट्टी बांधून कासामाला पडलो होतो आणि मनात हेच, की तिच्या मयताला आपण नाही. आल्यावर म्हटलं, आता कुठे जाऊन बोलू? माती टाकून झाली, माणसं पांगली. मग सुचलं, तिचा आवाज अजून त्या धड्यात आहे. तिथे जाऊन बोलू. म्हणून तो शेरा लिहिला. आणि मग त्या मुलीचं पत्र आलं, की लागलेलं माणूस हसून वेळ मारून नेतं. तू रडली नव्हतीस, मला ठाऊक होतं. वाटलं, खरंच लागलं असेल. उशीर झाला होता ना. उशिरा केलेली थट्टा लागते कधीकधी."

  ती थंड देशातली पोरगी म्हणत होती ते अर्धं खरंच होतं. मला लागलं होतं. फक्त ते बोलल्यामुळे नाही, मयताच्या दिवशी बोलणारा नव्हता म्हणून लागलं होतं.

"मला लागलं नाही रे," मी म्हटलं. "मी त्या दिवशी किती दिवसांनी हसले होते, माहीत आहे?"

त्यानं वर बघितलं. दाराआड गोगोचं बसायचं बुटकं स्टूल होतं, त्यावर तिचं चितेंगे, अंगाला गुंडाळायचं रंगीत कापड, आणि काठी. मी अजून काही हलवलं नव्हतं. हा उठला, सरळ आत गेला, चितेंगे डोक्यावरून घेतलं, काठी उचलली आणि अंगणाच्या मधोमध स्टूल टाकून बसला. पाठीला बाक काढला. डोळे बारीक केले. आणि गोगोच्या आवाजात, हुबेहूब गोगोच्या आवाजात सुरू झाला.

"ऐका रे कार्ट्यांनो. राजा म्हणाला, ही नदी. आम्ही म्हटलं, दिसतेय. राजा म्हणाला, पाणी खोल आहे. तेवढ्यात एक बेंबा आला, पँट न दुमडता पलीकडे जाऊन परत आला. राजा म्हणाला, याला कुणी बोलावलं? सूर्य हसून हसून मेला. ए तिसियेंजी, हसू नकोस, न्शिमा करपतेय बघ! इतकी वर्षं सांगतेय, एकदा तरी धड ढवळ. माझ्या मयताला गुठळ्या होत्या, मी पेटीत पडून मोजत होते!"

मी हसले. पोट धरून हसले. शेजारीण कुंपणापाशी येऊन हसली. आणि हसता हसता कधी रडायला लागले ते मला कळलं नाही. गोगो गेल्यापासून पहिल्यांदा, तोंड न लपवता, लहान पोरीसारखी मोठमोठ्यानं रडले. मुबांगा थांबला नाही. असुवानीनं थांबायचं नसतं. तो चितेंगे सावरत गोगोचं पुढचं सांगत राहिला, सूर्य मेला, बायका रडल्या, मग सूर्य जिवंत झाला.

"आणि पलीकडच्या काठावर," तो म्हणाला, आणि काठी जमिनीवर आपटली, "आपण झालो."

मग आम्ही कोंबडा कापला. न्शिमा त्यानं ढवळली. गुठळ्या होत्या.